पाना धरणाऱ्या हाताला दफ्तरही द्या

आपल्या व्यापारी वर्गात एक समज फार खोलवर रुजलेला आहे. संस्था पैशावर चालते, म्हणून संस्थेची खुर्ची पैसे देणाऱ्याची, असा तो समज. शाळा असो, वाचनालय असो, व्यापारी संघ असो की शिलाईचे केंद्र असो, चंद्याची यादी काढायची, वरची पाच नावे घ्यायची आणि त्यांनाच अध्यक्ष, सचिव, खजिनदार करून टाकायचे, ही आपली रीत. आम्हीही याच रीतीने आजवर तीन-चार कमिट्यांवर बसलो. कापडाच्या दुकानातील तीस वर्षांच्या कमाईने आम्हाला ती जागा मिळाली. त्या कामाची आम्हाला किती माहिती आहे, हे कोणी कधी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. आज त्याच रीतीविरुद्ध चार शब्द लिहीत आहोत. त्याला कारण घडले आहे.

हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्याचे, कापसाच्या मुलखातले बाजारपेठेचे गाव. काही वर्षांपूर्वी येथे बिरादरीतील मुलामुलींसाठी शिलाई आणि मशीन दुरुस्ती शिकवणारे केंद्र काढायचे ठरले. चंदा सहज जमला. बारा शिलाई मशीन, एक इंटरलॉक मशीन, कटिंगचे मोठे टेबल, पंखे, फळा, सगळे आले. पहिल्या दिवशी हारतुरे झाले, भाषणे झाली. शिकवायला एक बाई मिळाल्या. चार महिने बरे गेले. मग एका मशीनचा पट्टा तुटला, दुसरीचे शटल अडकू लागले. दुरुस्तीचा खर्च मंजूर करायला कमिटीची बैठक लागे, आणि आम्हा व्यापाऱ्यांना बैठकीला वेळ नसे. लग्नसराई संपली की रमजानची गर्दी, रमजान झाला की दिवाळीचा माल. आठ महिन्यांत पाच मशीन बंद पडल्या. बाईंचा पगार दोन महिने थकला आणि त्यांनी येणे सोडले. केंद्राला कुलूप लागले. त्या कमिटीत आम्ही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या दुकानासमोर एक मिस्त्री पंचवीस वर्षे शिलाई मशीन दुरुस्त करीत आले आहेत. शेवटी त्यांना बोलावले. त्यांनी एकेक मशीन उघडून पाहिली आणि म्हणाले, "सेठ, मशीन बिघडली नाही, पडून पडून जाम झाली. महिन्यातून एकदा तेल पाजलं असतं तर चालत राहिली असती." आम्ही विचारले, मग आधी का सांगितले नाही? ते म्हणाले, "मला कोणी विचारलं?" खरेच कोणी विचारले नव्हते. चंद्याच्या यादीत त्यांचे नाव फार खाली होते.

आता त्याच मिस्त्रींचा मुलगा गावी परतला आहे. सरकारी तंत्रनिकेतनातून त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, नऊ वर्षे पुण्याकडे मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली आणि वडिलांच्या आजारपणामुळे घरी आला. मागच्या महिन्यात त्याने कमिटीपुढे एक कागद ठेवला. कोणत्या मशीनमध्ये काय दोष, दुरुस्तीला किती खर्च, वर्गाच्या वेळा, फी किती आणि हिशेब कोण ठेवणार, सगळे एका पानावर. थोड्या मानधनावर सचिवाचे काम करायला तो तयार आहे. बैठकीत कुजबुज झाली. चंदा दिला नाही, उलट मानधन मागतो आणि सचिव व्हायचे म्हणतो! निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. आम्हीही त्या दिवशी गप्प बसलो. घरी आल्यावर ते गप्प बसणे आम्हाला टोचू लागले, आणि एका माणसाची कारकीर्द आठवली. ती वाचकांपुढे ठेवली तर आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल.

हे गृहस्थ म्हणजे अनिल काकोडकर. देशाच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव बहुतेकांना ठाऊक आहे. ते मुळात यांत्रिकी अभियंता, म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअर, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. जन्म ११ नोव्हेंबर १९४३ चा, बडवानीचा. बडवानी म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडचा निमाड, जिथल्या खंडवा-बऱ्हाणपूरशी आपल्या कापडबाजाराचे जुने नाते आहे. वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवा मुक्तीच्या लढ्यात होते. पोर्तुगीजांनी त्यांना पकडून पोर्तुगालला नेले. त्या काळात आई कमलाताईंनीच मुलाला सांभाळले. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण बडवानी आणि खरगोनला झाले. पुढे मुंबईत रुपारेल कॉलेज आणि तेथून व्हीजेटीआय.

या व्हीजेटीआयशी आपल्या धंद्याचा जवळचा संबंध आहे. ही संस्था १८८७ ची. मुंबईच्या कापड गिरण्यांना यंत्रे समजणारी माणसे हवी होती, त्या गरजेतून ती वाढली. तेथे सुरुवातीपासून सूत-कापड आणि यंत्र हे दोन्ही विषय शेजारी शेजारी शिकवले गेले. तेथून काकोडकरांनी १९६३ साली यांत्रिकीची पदवी घेतली आणि १९६४ मध्ये तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात ते रुजू झाले. याच केंद्राला पुढे १९६७ मध्ये भाभांचे नाव मिळाले.

त्यानंतर ते इंग्लंडला नॉटिंगहॅम विद्यापीठात गेले आणि १९६९ मध्ये एम.एस्सी. झाले. त्यांचा विषय होता, यंत्राच्या भागावर ताण नेमका कोठे पडतो हे प्रयोगाने शोधणे. कापडवाल्याला हा विषय समजायला अवघड नाही. सदरा कधीही मधोमध फाटत नाही. तो खिशाच्या कोपऱ्यात, काजाच्या टोकाला किंवा काखेत फाटतो, कारण ओढ तेथे एकवटते. चांगला टेलर तेथे दुहेरी टाके घालतो. लोखंडी भांडे, नळी, झडप यांचेही तसेच आहे. ताण कोठे एकवटतो हे आधी कळले तर तेथे मजबुती देता येते आणि भाग तुटत नाही. हे शिकलेला माणूस पुढे संस्थेच्या खुर्चीवर बसला. आमच्या मते संस्थेतही हीच नजर लागते. संस्था मधोमध फाटत नाही. ती पगाराच्या तारखेला, दुरुस्तीच्या मंजुरीला आणि हिशेबाच्या वहीत फाटते. आमचे केंद्र नेमके याच ठिकाणी फाटले.

काकोडकरांना खुर्ची एकदम मिळाली नाही. आधी कामे मिळाली आणि तीही बिघडलेली कामे. तुर्भ्याची 'ध्रुव' ही १०० मेगावॅटची संशोधन अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी प्रथम कार्यान्वित झाली. तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. सुरू होताच अडचण आली. पाण्याच्या जोरदार प्रवाहात इंधनाच्या कांड्या थरथरू लागल्या आणि भट्टी बंद ठेवावी लागली. दोष शोधून कांड्यांच्या रचनेत बदल केला गेला आणि जानेवारी १९८८ मध्ये भट्टी पूर्ण शक्तीने चालू लागली. म्हणजे उद्घाटनानंतर अडीच वर्षे दुरुस्तीची! आपल्याकडे उद्घाटनानंतर अडीच वर्षे कोणी संस्थेकडे फिरकत तरी असेल काय?

दुसरे काम याहून कठीण होते. मद्रासजवळच्या कल्पाक्कम येथील दोन भट्ट्या आणि राजस्थानातील रावतभाट्याची पहिली भट्टी एका टप्प्यावर मोडीत काढायच्या बेतात आल्या होत्या. कल्पाक्कमला भट्टीच्या आतला, पाणी आत सोडणारा भागच तुटला होता. किरणोत्सर्गामुळे तेथे माणूस आत शिरून पाना लावू शकत नाही, सगळे बाहेरून करावे लागते. या भट्ट्यांना पुन्हा कामावर आणण्यात काकोडकरांचा महत्त्वाचा वाटा होता. १९७४ आणि १९९८ च्या पोखरणच्या चाचण्यांतही ते होते. त्या चाचण्यांबद्दल वाचकांत दोन मते असतील, आमच्या घरातही आहेत. तो आजचा विषय नाही.

१९९६ मध्ये ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. १९६४ ते १९९६ म्हणजे बत्तीस वर्षे. बत्तीस वर्षे यंत्राजवळ काढलेल्या माणसाच्या हाती दफ्तर आले. पुढे २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद आणि अणुऊर्जा विभागाचे सचिवपद त्यांनी सांभाळले. मधल्या काळात, १९९९-२००० मध्ये, ते भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे अध्यक्ष होते. १९८७ साली स्थापन झालेली ही अकादमी म्हणजे देशातील निवडक अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी चालवलेली संस्था.

अशा संस्था कशासाठी असतात, हे आपल्या कारागीर बंधूंनी समजून घ्यायला हवे. धंद्याचा दर्जा धंदा करणाऱ्यांनीच ठरवावा, नव्या माणसाची परीक्षा जाणत्या माणसाने घ्यावी आणि एकाचे ज्ञान दहाजणांना मिळावे, हा त्यांचा हेतू. इंग्लंडात १८४७ मध्ये बर्मिंगहॅमला यांत्रिकी अभियंत्यांची संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण? रेल्वे इंजिन बनवणारे जॉर्ज स्टीफन्सन. खाणीवरच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या मजुराचा हा मुलगा. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तो जोडे आणि घड्याळे दुरुस्त करीत असे. देशात श्रीमंतांची आणि सरदारांची वाण नव्हती, तरी यंत्रवाल्यांनी पहिली खुर्ची या माणसाला दिली. आपण असतो तर चंद्याची यादी पाहिली असती.

आता काकोडकरांनी खुर्चीवर बसून काय केले ते पाहा. त्यांच्या कारकिर्दीत २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्था अभिमत विद्यापीठ म्हणून उभी राहिली. २००७ मध्ये भुवनेश्वरला विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाबरोबर मूलभूत विज्ञानाचे केंद्र निघाले. या तिन्हींमागे एकच विचार दिसतो. शिकवणारा एका इमारतीत आणि प्रत्यक्ष काम करणारा दुसऱ्या इमारतीत, अशी फारकत असू नये. हा विचार हातांनी काम केलेल्या माणसाला लवकर सुचतो. उस्ताद आणि शागीर्द एकाच कारखान्यात बसतात, हे आपल्या विणकराला आणि रंगाऱ्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

२०११ मध्ये रेल्वेच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल आला. पाच वर्षांत सगळी रेल्वे फाटके काढून तेथे पूल किंवा भुयारी रस्ते करावेत, ही त्यातली एक ठळक शिफारस. ताण कोठे एकवटतो ते पाहणारी जुनी नजर येथेही दिसते. गाडी आणि बैलगाडी जेथे एकमेकींना छेदतात, तेथेच माणसे मरतात. पाच वर्षांत ते सगळे झाले नाही. पण ब्रॉडगेजवरील फाटकवाला नसलेली सर्व फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली.

त्यांचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. आयआयटींबाबतच्या त्यांच्या समितीने २०११ मध्ये शुल्क वर्षाला दोन ते अडीच लाखांपर्यंत न्यावे, म्हणजे संस्था आपल्या पायावर उभ्या राहतील, असे सुचवले. गरीब मुलांना शिष्यवृत्ती आणि इतरांना कर्ज मिळावे, असाही विचार त्यात होता. पुढे २०१६ मध्ये सरकारने शुल्क दोन लाख केले. वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना ते पूर्ण माफ आणि पाच लाखांपर्यंतच्या घरांना दोन-तृतीयांश माफ ठेवले. संस्थेने आपल्या पायावर उभे राहावे, हे तत्त्व म्हणून ठीक. पण आमच्या वाचकांपैकी अनेकजण व्याजाच्या कर्जाला हात लावत नाहीत. सहा-सात लाख उत्पन्नाच्या छोट्या दुकानदाराच्या हुशार मुलाने मग काय करायचे? हा प्रश्न त्या हिशेबात पुरेसा आला नाही, असे आम्हाला वाटते. यंत्र समजणाऱ्या माणसालाही प्रत्येक घरातला ताण बाहेरून दिसत नाही. म्हणूनच त्याच्या शेजारी बाजार ओळखणारा माणूस हवा. व्यापाऱ्याने कमिटी सोडून जावे, असे आम्ही म्हणतच नाही.

येथे काही मित्र हरकत घेतील. ते म्हणतील, काकोडकर कोठे आणि आपले बारा मशीनचे केंद्र कोठे! त्यांच्यामागे सरकार होते, अंदाजपत्रक होते, हजारो माणसे होती. हे खरे आहे. पण बारा मशीनच्या केंद्रालाही तीच तीन कामे करावी लागतात. दोष वेळेवर ओळखणे, दुरुस्ती करणे आणि दुरुस्तीचा हिशेब ठेवणे. काम लहान असल्याने ती चुकत नाहीत असे नाही. आमची तर लहान कामातच चुकली.

दुसरी हरकत अशी की चांगला कारागीर चांगला कारभारी असेलच असे नाही. हेही खरे. उत्तम टेलरला कापडाच्या दुकानाची उधारी सांभाळता येईलच असे नाही. पण म्हणून त्याला कधी संधीच द्यायची नाही, हा कोणता न्याय? काकोडकरांना आधी एक विभाग मिळाला, मग एक अडलेले काम, मग दुसरे, मग केंद्र आणि शेवटी आयोग. जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाढवली तर माणूसही कळतो आणि संस्थेचेही नुकसान होत नाही. आपल्या दुकानात नवा नोकर ठेवला तर पहिल्याच दिवशी गल्ल्याची किल्ली देतो काय? आधी थान उलगडायला देतो, मग माप, मग गिऱ्हाईक, मग वही.

तिसरी हरकत मानधनाची. समाजाच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे, असे काहीजण विचारतात. हा प्रश्न विचारणारे बहुधा आमच्यासारखे दुकानवाले असतात, ज्यांचा गल्ला बैठक चालू असतानाही भरत असतो. कारागिराचे तसे नाही. त्याने हात थांबवला की चूल थांबते. त्याच्याकडून फुकट काम मागणे म्हणजे ते काम न होण्याची व्यवस्था करणे होय. चंदा ही अमानत आहे, हे आपण सगळेच म्हणतो. मशीनवर धूळ बसू देणे ही त्या अमानतीची हिफाजत झाली काय? दोन महिन्यांचा पगार थकवून एका शिक्षिकेला घालवून देणे, ही बचत झाली काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. ती आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत आणि इतर गावांच्या कमिट्यांनीही तिचा विचार करावा.

पहिली गोष्ट, ज्या हुनराची संस्था असेल त्या हुनराचा किमान एक जाणकार कमिटीत असावा. त्याचा चंदा विचारू नये. दुसरी, सचिवाला ठरावीक रकमेपर्यंतचा दुरुस्ती खर्च बैठकीवाचून करता यावा आणि महिनाअखेर त्याचा हिशेब भिंतीवर लावावा. तिसरी, सचिवाला ठरलेले मानधन ठरल्या तारखेला द्यावे. चौथी, एका वर्षाने त्याचे काम पाहावे. किती मशीन चालू आहेत, किती मुले शिकून बाहेर पडली, किती शिल्लक आहे, एवढे तीन आकडे पुरेत. बरे वाटले तर जबाबदारी वाढवावी, नसेल तर सलाम करून मोकळे करावे.

आणि दोन शब्द कारागीर बंधूंसाठी. मुलांना पाना शिकवता तसे कागदही शिकवा. अर्ज, हिशेब, अहवाल, बैठकीचा वृत्तांत हीदेखील हत्यारेच आहेत. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. मराठीतले सरकारी कागद वाचायला आम्हाला दुकानावर बसून शिकावे लागले, पण शिकल्यावर कोणत्याही कचेरीत कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. डिप्लोमा झालेल्या मुलांनी पुढचे शिक्षण निवडताना त्याची मान्यता नीट तपासून घ्यावी. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० सालची संस्था. नोकरीवर राहून तिची परीक्षा देत अनेकजण अभियंता झाले. पण त्या परीक्षेला पदवीच्या बरोबरीची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच राहिली. आता डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला प्रवेश घेण्याचा मार्ग आहे, त्याची चौकशी करावी.

मिस्त्रींच्या मुलाचा कागद अजून आमच्या दुकानातील वहीत घडी करून ठेवलेला आहे. त्यात शेवटची ओळ अशी आहे की पहिल्या महिन्यात सहा मशीन चालू करून दाखवीन आणि तोपर्यंत मानधन घेणार नाही. एवढे बोलायला आपले काम पाठ असावे लागते. आमच्या तीस वर्षांच्या धंद्यात असा करार करणारे व्यापारी आम्हाला फार थोडे भेटले.

मागच्या बैठकीत आम्ही गप्प बसलो. पुढच्या बैठकीत पहिला हात आमचा असेल. ज्या वाचकांच्या गावी असेच एखादे कुलूप लागलेले केंद्र आहे, त्यांनी आधी किल्ली कोणाकडे आहे ते पाहावे आणि मग बाजारात जाऊन ती मशीन उघडता येणारा माणूस शोधावा. तो बहुधा आपल्या दुकानासमोरच बसलेला असतो.